चौथा टॉवेल

अक्काला लपवलं तर चार रात्रींच्या जादा खाटेचे पैसे वाचत होते. शिवाय नाश्त्याचे, शिवाय दोन्हींवरचा कर. हिशेबनिसाने कॅल्क्युलेटरची बटणं पुन्हा एकदा दाबली. उत्तर तेच आलं तेव्हा त्याने खुर्ची मागे सरकवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून जमलं म्हणून सांगितलं.

"काय जमलं?" बायकोने विचारलं. ती भांडी पुसत होती आणि पुसतच राहिली.

"शहर. ऐन सुट्टीच्या गर्दीत, आणि स्टेशनपासून चालत जाता येईल अशा हॉटेलात."

फरशा आणि नळ विकणाऱ्या घाऊक दुकानात तो हिशेब लिहायचा. कपात उरलेला चहासुद्धा हा पुढच्या महिन्याच्या शिलकीत ओढेल, असं दुकानातले लोक म्हणत, आणि तो ते कौतुक समजून घ्यायचा. गेले पंधरा दिवस तो या सहलीच्या मागे होता. एरवी दारात उभं राहून गिऱ्हाईक बोलावणारी हॉटेलं सुट्टी लागली की उपकार केल्यासारखी खोली देतात, हे त्याला ठाऊक होतं. वरच्या दर्जाची हॉटेलं बघण्याचाही प्रश्न नव्हता. स्वस्तातल्या लॉजला मुलीने नाक मुरडलं होतं, कारण तिथे बाथरूम चार खोल्यांत मिळून एक. राहिलं मधलं. मधल्यात तीन माणसांची खोली कशीबशी बसत होती. चौथ्यासाठी मात्र जादा खाट घ्यावी लागायची, आणि त्या खाटेचा दर जवळपास खोलीच्या निम्मा.

"खाट एवढीशी आणि भाव सिंहासनाचा," तो म्हणाला.

"पण वन्संनी दिलेत ना त्यांचे?" बायकोने विचारलं.

दिले होते. अक्का त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर त्याच्या शाळेची फी, बूट, कॉलेज, सगळं तिनेच पाहिलं. स्वतः लग्न केलं नाही आणि मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर केस पांढरे होईपर्यंत बसली. त्या शहरातल्या डॉक्टरांचे, औषध कंपन्यांचे, रडणाऱ्या नातेवाइकांचे फोन तिने किती जोडले असतील त्याची गणती नाही. शहर मात्र तिने पाहिलेलं नव्हतं. जायचं ठरलं त्याच दिवशी तिने एक पाकीट आणून दिलं. त्यावर तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'खाट, खाणंपिणं, तिकीट.'

म्हणजे अक्काला लपवलं तर खर्च वाचत होता आणि पाकीट उरत होतं. याला चोरी म्हणणं त्याच्यावर अन्याय करणारं ठरेल. त्यातून त्याने तिचं रेल्वेचं तिकीट खरंच काढलं. बाकीचं पाकीट त्याने कपाटात नीट ठेवलं, फक्त अक्षराची बाजू भिंतीकडे केली.

गाडीत बसल्यावर त्याने अक्काला सगळं समजावून सांगितलं. आधी आम्ही तिघं वर जाणार. तू खाली कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी बसायचं. मग मुलगी येऊन तुला घेऊन जाईल, म्हणजे भेटायला आलेली पाहुणी वाटशील. साफसफाईवाले आले तर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा. दारावर टकटक झाली तर उघडायचं नाही. तिचा मोबाईल त्याने मागून घेतला आणि बंद करून स्वतःच्या बॅगेत टाकला, कारण तिला कमी ऐकू यायचं आणि त्याची रिंग गिरणीच्या भोंग्यासारखी होती.

अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी दिले होते ना रे बाळ?"

"ते एकूण खर्चात धरलेत, अक्का."

"बरं." थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि खोलीतला फोन वाजला तर?"

"वाजू दे. उचलायचा नाही."

"अरे, जन्मभर दुसरं काय केलं मी?"

"म्हणून तर म्हणतो. आता सुट्टीवर आहेस."

मुलगी हसली. अक्काही हसली, पण तिचा उजवा हात मांडीवर उगाच वळवळला, जणू टेलिफोन बोर्डाची दोरी शोधत होता.

हॉटेल फोटोत होतं तसंच होतं, फक्त फोटोत गर्दी नव्हती. खाली काचेचं दार, काउंटरवर एक तरुण मुलगी, तिच्यामागे घामेजलेला मॅनेजर. खोली पाचव्या मजल्यावर मिळाली. वरच्या बोळात दोन्ही भिंतींना टेकून फोमच्या गाद्या आणि घडीच्या खाटा उभ्या केल्या होत्या. जिन्याचं दारही त्यांच्याआड निम्मं गेलं होतं, एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी फट उरली होती. हॉटेल तुडुंब भरलेलं, आणि प्रत्येक खोली एक तरी जादा खाट मागत होती.

"बघितलंस? इतके लोक पैसे भरतायत," हिशेबनीस बायकोच्या कानाशी लागून म्हणाला, आणि गाद्यांच्या रांगेकडे त्याने मोठ्या समाधानाने पाहिलं.

खोलीत दोन पलंग आणि एक दिवाण. अक्का आणि मुलगी एका पलंगावर झोपणार होत्या. खिडकी चार बोटं उघडायची आणि तिथेच अडायची. अक्काने दोनदा ढकलून पाहिली, मग त्या चार बोटांतून खाली बघत उभी राहिली. शहर होतं, पण पट्टीएवढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ते नाश्त्याला निघणार एवढ्यात घंटा वाजली. छताला लावलेलं लाल यंत्र किंचाळायला लागलं, बोळात धावपळ सुरू झाली. हिशेबनिसाने चपला पायात सरकवल्या. अक्काही उठली, तेव्हा त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू थांब. खाली माणसं मोजतात. चार निघाले तर संपलं."

"अहो, आग असेल तर?" बायको म्हणाली.

"आग असती तर वास आला असता. येतो का वास?"

वास येत नव्हता. अक्का परत बसली. तिघं खाली गेले. फुटपाथवर मॅनेजर हातात यादी घेऊन खोल्यांचे नंबर पुकारत होता आणि माणसं मोजून खुणा करत होता. यांच्या खोलीच्या नावाने त्याने तीन बोटं नाचवली, तीन माणसं पाहिली आणि पुढे सरकला. हिशेबनिसाच्या छातीवरचा दगड उतरला. थोड्याच वेळात कळलं की स्वयंपाकघरात कुणीतरी पाव जाळला होता. लोक शिव्या देत आणि हसत परत वर गेले.

अक्का पलंगाच्या काठावर बसली होती. पायात चपला, मांडीवर पिशवी.

"फोन वाजत होता. खूप वेळ," ती म्हणाली.

"उचलला नाहीस ना?"

"नाही." तिने एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून ठेवलं होतं. "पलीकडचा माणूस मोजतो रे किती वेळा वाजला ते. मला माहीत आहे."

हिशेबनिसाने नाश्त्याहून तिच्यासाठी कागदी रुमालात दोन पाव आणि उकडलेलं अंडं आणलं. त्या दिवशी तिने गुडघ्याचं निमित्त काढलं आणि ती म्युझियम बघायला आली नाही. ते तिघंच गेले. तिच्या तिकिटाचेही पैसे वाचले, ते त्याने न बोलता जमेला धरले.

संध्याकाळी परत आले तेव्हा बाथरूमच्या दांडीवर चार टॉवेल होते.

त्याने ते मोजले, पुन्हा मोजले, आणि बाहेर येऊन दार लोटून घेतलं. "काल तीन होते," तो म्हणाला. "गर्दीत यांची चूक झालीय. कुणी काही बोलू नका."

"आत्या, तुझा टॉवेल," मुलगी म्हणाली.

अक्काने टॉवेल घेतला, त्याची घडी घातली, कडा जुळवल्या आणि उशाशी ठेवला. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून देणाऱ्या बाईला स्वतःचं बोलणं गिळणं काही जड नव्हतं.

त्यानंतर ती जरा मोकळी झाल्यासारखी वाटायला लागली. हिशेबनिसाने आणलेले पाव तिने तिसऱ्या दिवशी तसेच ठेवले. मी खाल्लं थोडं, म्हणाली. काय खाल्लं ते त्याने विचारलं नाही, पाव मात्र दुपारी बस स्टॉपवर स्वतः खाल्ले, कारण टाकून देण्यात अर्थ नव्हता. त्याच संध्याकाळी अक्का खाली काचेच्या दारापाशी उभी असलेली त्याला दिसली. काउंटरवरची मुलगी तिच्याकडे बघून हसत होती. लिफ्टमध्ये शिरताच त्याने आवाज खाली आणला.

"ती तुझ्याकडे बघून का हसली?"

"चांगली पोरगी आहे."

"ओळख वाढवू नकोस, अक्का. एक दिवस उरलाय. काठावर आणून बुडवशील."

अक्काने त्याच्या कॉलरला चिकटलेला दोरा काढला आणि बोटाला गुंडाळत राहिली.

शेवटच्या दिवशी त्यांनी शहरातल्या उंच मनोऱ्यावर जायचं ठरवलं होतं. अक्का म्हणाली, तुम्ही जा, मी जरा पडते. वर गेल्यावर मुलीने कठड्यावरून हॉटेल शोधायचा प्रयत्न केला, पण सगळी छपरं सारखीच दिसत होती. हिशेबनिसाने तिथे बायकोला सहलीचा गोळाबेरीज हिशेब सांगितला. मूळ अंदाजापेक्षा इतका कमी खर्च आला होता की परतताना तिला एक चांगली पर्स घ्यायला हरकत नव्हती. बायकोने पर्स नको म्हटलं. वन्संना काहीतरी घेऊ, म्हणाली. मग त्यांनी खालच्या दुकानातून अक्कासाठी मनोऱ्याचं चित्र असलेला एक कप घेतला. मधल्या आकाराचा.

दुपार उतरत असताना ते हॉटेलच्या गल्लीत वळले, तेव्हा समोरच्या फुटपाथवर माणसं उभी होती. कुणी टॉवेल गुंडाळून, कुणी पोराला कडेवर घेऊन, बरेचसे वैतागलेले. आत घंटा वाजत होती. काही दिसत नव्हतं.

"पुन्हा पाव जाळला वाटतं," हिशेबनीस म्हणाला.

मॅनेजर यादी घेऊन फिरत होता. शर्ट पाठीला चिकटलेला, आवाज बसलेला. त्याने यांना ओळखलं आणि यादीवर पेन ठेवलं.

"तुम्ही बाहेर होतात ना? बरं झालं. तुमच्या खोलीत चार. तीन इथे आहेत. चौथं माणूस?"

हिशेबनिसाने 'चार' हा आकडा ऐकला आणि पुढचं काही ऐकलं नाही. चार दिवस ज्या क्षणाची धास्ती होती तो हाच, असं त्याला वाटलं. आता हा जादा खाटेचे पैसे मागणार, वर दंड, तोही सगळ्यांदेखत. त्याने खिशातून बुकिंगचा कागद काढला.

"तिघंच आहोत आम्ही."

"इथे चार लिहिलेत."

"तुमची चूक असेल. हे बघा. तिघांची खोली, तिघांचे पैसे. चौथ्याचं काही लावायचं नाही."

"लावायचं नाही हो. मी एवढंच विचारतोय, आत कुणी आहे का."

बायकोने त्याची बाही धरली. "अहो, सांगा ना."

"थांब गं. परवासारखंच आहे." मग मॅनेजरकडे वळून तो हसला. दुकानात बिल परत करताना तो असाच हसायचा. "तिघं. लिहून घ्या."

मॅनेजरने त्याच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मागून कुणीतरी त्याला हाक मारत होतं, कोपऱ्यावर अग्निशामक दलाची गाडी वळत होती. त्याने यादीवर एक आडवी रेघ मारली आणि ओरडून सांगितलं की पाचवा मजला रिकामा आहे, तळघरात बघा, धोबीखाना तिकडे आहे.

नेमका तेव्हाच काचेच्या दाराआड फोन वाजायला लागला. काउंटरवरचा. घंटेच्या गोंगाटातही तो वेगळा कळत होता, दमादमाने, एका लयीत.

"फोन, बाबा," मुलगी म्हणाली.

"वाजू दे," मॅनेजर म्हणाला. "आता आत कोण जाणार?"

फोन वाजत राहिला. थांबला. पुन्हा सुरू झाला. फुटपाथवरचे लोक आपापसात बोलत होते, एक पोरगं रडत होतं. हिशेबनिसाचे ओठ हलत होते. तो वाजणं मोजत होता. मोजता मोजता त्याने मान वर केली.

पाचव्या मजल्याच्या बोळाच्या खिडकीतून धूर आला. धोबीखान्यातला धूर जिन्याने वर चढला होता आणि वर गाद्या होत्या. आधी दोऱ्यासारखा आला, मग दोरासारखा, मग खिडकी दिसेनाशी झाली.

फोन थांबला.

"चार," हिशेबनीस म्हणाला. मग मॅनेजरचा हात, शर्ट, जे हाताला लागेल ते धरून तो म्हणत राहिला, चार, आम्ही चार आहोत, चार लिहा. मॅनेजर त्याच्याकडे बघत राहिला. त्याचं पेन अजून हातातच होतं.

तळघरात उतरलेली माणसं परत वर आली, मास्क नीट केले, जिन्याने चढली. गाद्यांपाशी अडली.

नंतर दलातल्या एका माणसाने बायकोला सांगितलं की बाईंनी सगळं बरोबर केलं होतं. दार बंद, खिडकी जेवढी उघडते तेवढी उघडी. चारही टॉवेल ओले करून दाराच्या फटीत गच्च दाबले होते. असं लोकांना सुचत नाही, तो म्हणाला. इस्पितळात होत्या, बायकोने सांगितलं, त्यांना शिकवलेलं होतं. त्याने मान हलवली. हेल्मेट काढून हातात घेतलं, बघितलं, पुन्हा घातलं. आधी कळलं असतं, एवढंच तो म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडलं.

दुसऱ्याच दिवशी हॉटेलच्या मालकाने शेजारच्या इमारतीत एक खोली उघडून सगळ्यांना पैसे परत करायला सुरुवात केली. वकिलाने त्याला तसं सांगितलं असावं. टेबलामागे काउंटरवरची तीच मुलगी बसली होती. रडून रडून डोळे सुजलेले, तरी नोटा नीट लावत होती. तिने यांचं पाकीट पुढे सरकवलं.

"चार जणांचे आहेत," ती म्हणाली. "इथे सही."

हिशेबनिसाने आधी पाकिटावरचा आकडा वाचला.

"त्या आल्या होत्या खाली," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "ती खोटी घंटा वाजली त्या दिवशी. म्हणाल्या, मी वरच्या खोलीत आहे, चौथी. माझं नाव लिहून घ्या, चारही रात्रींचे पैसे घ्या. खाट देते म्हटलं, तर म्हणाल्या नको, पुतणीजवळ झोपते. टॉवेल तेवढा घेतला. सकाळी तुम्ही गेलात की येऊन नाश्ता करायच्या. आमच्या फोनच्या स्विचबोर्डची वायर सैल होती, ती मला दाखवली." तिने नोटांची कड सरळ केली. "मला म्हणाल्या, भावाला सांगू नकोस. त्याचा हिशेब मोडायला नको."

बायको बाहेर निघून गेली. त्यांची मुलगी तिच्यामागे गेली.

हिशेबनिसाने पेन घेतलं. सही करण्याआधी, सवयीने, त्याने पाकिटातल्या नोटा मोजल्या. बरोबर होत्या.

परतीच्या गाडीत त्यांच्या चार जागा होत्या. अक्का शववाहिनीतून रस्त्याने पुढे गेली होती. त्या गाडीचं भाडं हॉटेलने भरलं होतं. खोलीचे पैसे परत आले होते. घरी कपाटात, भिंतीकडे तोंड करून, पाकीट तसंच होतं. बायको आणि मुलगी समोरच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या आणि त्याच्याशी बोलत नव्हत्या. कप ठेवलेली पिशवी त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर होती, आणि गाडी वळली की ती कलायची, मग तो हात लावून ती सरळ करायचा.

तिकीट तपासनीस आला. त्याने तीन माणसं पाहिली, हातातल्या यंत्रात पाहिलं आणि पिशवीकडे बोट केलं.

"ही जागा रिकामी आहे? उभी आहेत माणसं."

हिशेबनिसाने पिशवी जवळ ओढली नाही.

"नाही," तो म्हणाला. "तिचे पैसे भरलेत. तिनेच."